नंबर आला म्हणजे व्हिसा आला असं नाही

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा लोकांसमोर ठेवला. कायदा होईल तेव्हा होईल. इनामगावसारख्या गावातून मुलगा आखातात पाठवणाऱ्या घराला मात्र आजच एक गोष्ट कळायला हवी : एजंटने मोबाइलवर पाठवलेला नंबर नेमका कशाचा आहे?

पासपोर्टपासूनच सुरुवात करू. ऑनलाइन फॉर्म भरला की एआरएन मिळतो. तो फक्त अर्ज भरल्याचा पुरावा. पासपोर्ट सेवा केंद्रात कागद तपासले गेले की फाइल नंबर मिळतो. पुण्याचा असेल तर तो ‘पीएन’ने सुरू होतो. अर्ज कुठवर आला हे फाइल नंबर आणि जन्मतारीख टाकून घरबसल्या दिसतं. त्यासाठी कुणाला दोनशे रुपये द्यायची गरज नाही. आणि पासपोर्ट नंबर हा या दोन्हींहून वेगळा.

खरा घोळ पुढे होतो. आखाती देशांसाठी मेडिकल करायचं तर ‘वाफिद’ची स्लिप निघते, तिच्यावर नंबर असतो. व्हिसाच्या अर्जाला वेगळा नंबर. एजंटच्या पावतीलाही नंबर. घरातले म्हणतात, “तीन-तीन नंबर आले, काम झालं.” कुठं झालं? मेडिकल फिट म्हणजे व्हिसा नाही, आणि अर्ज म्हणजे मंजुरी नाही. यूएईचं प्रवेशपत्र खरोखर निघालं असेल तर त्यावर फाइल नंबर असतो : दुबईचा २०१ ने, अबुधाबीचा १०१ ने, शारजाचा ३०१ ने सुरू होणारा. त्याशिवाय यूआयडी असतो, तो त्या माणसाचा असतो, व्हिसा बदलला तरी बदलत नाही. यूएईच्या सरकारी साइटवर हे आकडे टाकून स्वतः बघता येतं. एजंटच्या स्क्रीनशॉटवर समाधान मानू नये.

एजंटचा स्वतःचाही नंबर मागा. नोंदणीकृत भरती एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असतो, आणि तो ई-मायग्रेटच्या साइटवर शोधता येतो. त्याला तीस हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घ्यायची मुभा आहे. लाख-दीड लाख मागणाऱ्याला हा आकडा तोंडावर सांगा, साहेब गप्प होतात.

दहावी न झालेल्या मुलाचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो. सौदी, यूएई, कतर, कुवेत धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला उत्प्रवास मंजुरी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी येते, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांची. ‘टुरिस्टवर जा, तिकडे बदलून देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकून गेलेल्या पोराकडे ही मंजुरीही नसते आणि हा विमाही. म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा पॉलिसी आणि मंजुरी यांची एक-एक झेरॉक्स अम्मी-अब्बांकडे ठेवायची, नंबर वाचता येतील अशी.