लाभार्थी की नागरिक?

सरकारी दवाखान्याच्या कागदावर माणूस ‘लाभार्थी’ होतो. लाभार्थ्याने आभार मानायचे. हिशेब मागतो तो नागरिक. मिरज तालुक्यातील म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. तरी यंत्रणेला जाब विचारायला एका विवाहितेचा मृत्यू व्हावा लागला. २००७ साली राज्यातील पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत गावकरी जनसुनवाईत आरोग्य अधिकाऱ्यांना थेट प्रश्न विचारू लागले. सातारा आणि सांगली एकच जिल्हा असताना, १९४२ नंतर, याच भूमीत प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडा केला. त्या वारसांनी निदान तालुक्याला नियमित जनसुनवाई मागावी. स्मारकांपुढे नतमस्तक होणे सोपे. प्रश्न विचारणे हेच खरे स्मरण.