पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याच्या भूमीवर आपल्या बांधवांना धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अवघे दोन दिवस झाले होते. जंगलपट्टीतून आलेले आपले आजेपणजे त्या दिवशी माणूस म्हणून ताठ मानेने परतले. परंतु परतले ते कोठे? ज्या झोपडीत त्यांचे वाडवडील राहिले आणि जी बांधी त्यांनी दुसऱ्याच्या नावावर कसली, तेथेच! धर्म पालटला, मन पालटले. जमिनीचे दप्तर मात्र पालटले नाही.

आज देशाच्या सरकारपुढे मोठे आर्थिक प्रश्न उभे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. वीज हवी म्हणून कोळसा हवा, पोलाद हवे म्हणून लोहखनिज हवे, आणि हवापाणी टिकावे म्हणून जंगलही हवे. या तिन्ही गरजांचा भार चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वाहतात. दुर्गापूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातील वीज महाराष्ट्राच्या दूरदूरच्या शहरांना उजळते. बल्लारपूरचा कागद कारखाना येथील बांबूवर वाढला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज निघते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही दोन तृतीयांशांहून अधिक जंगलाने व्यापलेला आहे. देशाच्या तिजोरीत या मातीने इतके घातले. पण या मातीत राबणाऱ्या भूमिहीनाच्या पदरात काय पडले, हा आमचा सवाल आहे.

या सवालाचे एक उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने देऊ केले. जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासाने अन्याय केला, अशी कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. आणि ती केवळ आदिवासी बांधवांपुरती नाही, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ जनतेचाही तिच्यात उल्लेख आहे. आपली बौद्ध कुटुंबे याच दुसऱ्या वर्गात मोडतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मिळण्याची सोय या कायद्यात आहे. मात्र आदिवासींना नसलेली एक अट आपल्याला आहे. त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे प्रत्येकी पंचवीस वर्षे धरून पंचाहत्तर वर्षे, आपला वास येथे होता व आपली उपजीविका जंगलावर होती, हे सिद्ध करावे लागते. हिशेब करा, काटा १९३० वर जाऊन थांबतो.

१९३० साली आपली स्थिती काय होती? गाव मालगुजाराचे, पूर्वेकडे जमीनदाराचे. कुळाचे नाव कागदावर आले तर आले. सालदाराचे व मजुराचे नाव जमिनीच्या कागदावर कोण चढविणार? मालगुजारी १९५१ साली संपली, तोवर एक पिढी बेनाव राबून मातीला मिळाली होती. ज्यांना शाळेच्या ओसरीच्या आत येऊ दिले नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबाच्या शाळेचा दाखला मागणे हा न्याय म्हणावा काय? ज्या व्यवस्थेने कागद दिला नाही, तिच्याच वारसाने कागद नाही म्हणून दावा फेटाळावा, यासारखी दुसरी विटंबना नाही.

आमचे हे म्हणणे आदिवासी बांधवांविरुद्ध आहे असा अर्थ कोणी काढू नये. त्यांचा हक्क पूर्ण व पहिला आहे. त्यांच्या ताटातील घास आम्हांस नको. आमच्या रिकाम्या ताटाचा हिशेब आम्ही सरकारला विचारीत आहोत.

यासाठी दरवेळी नवा कायदाच लागेल असेही नाही. असलेला कायदा नीट वाचला तरी पुष्कळ काम होईल. पंचाहत्तर वर्षांची अट वास्तव्याची आहे. तोच तुकडा पंचाहत्तर वर्षे कसला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. ताब्यासाठी २००५ ची तारीख स्वतंत्र आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून दावा फेटाळला जात असेल तर तेथे कायदा मोडला जातो. शिवाय पुरावा केवळ सरकारी कागदाचाच हवा असेही नाही. जुने घर, शेताचे बांध, घराण्याची वंशावळ, आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत, हे सारे नियमांनी पुरावा म्हणून मान्य केले आहे. असे एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे असतात. सामूहिक हक्काच्या दाव्यात तर जुनी स्मशानभूमीदेखील साक्ष देते. ज्या वेगळ्या मसणवटीत आपल्या पूर्वजांना अस्पृश्य म्हणून पुरले गेले, तीच आज म्हणते की हे लोक येथलेच आहेत.

आणखी एक साधन आहे. जुन्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी देई व ती नोंदली जाई. त्या कोतवाल-बुकात आपल्या आजोबांचे नाव आहे, गाव आहे, आणि ज्या जातीचे जोखड आपण १९५६ साली फेकून दिले ती जातही आहे. ती नक्कल मागताना पुष्कळांचा हात अडखळतो. ते साहजिकच आहे. तरीही ती मागितली पाहिजे. ते नाव आपण पुन्हा धारण करीत नाही. आपला वास येथे होता, याची कबुली आपण सरकारच्याच दप्तरातून काढून घेत आहोत. अपमानाची नोंद हक्काची नोंद होत असेल तर तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

आता सरकारचे कर्तव्य. ही दप्तरे सरकारच्याच अभिलेख कक्षात आहेत. मग ती शोधण्याचा बोजा रोजी बुडवून तालुक्याला खेटे घालणाऱ्या मजुराने का वाहावा? सरकारने गावनिहाय जुन्या नोंदी काढून ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. दावा नाकारावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला व २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत किती घरांत चूल पेटली असून घास उतरला नसेल, याची कल्पना दिल्लीने करावी. याउलट खाणीसाठी जंगल देताना आधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असा २००९ चा दंडक होता. २०२२ च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वीची ती अट सैल करून जबाबदारी राज्यावर ढकलली. मोठ्या खाणीला वाट मोकळी आणि दोन एकर धानाला १९३० चा कागद, हे कसले अर्थकारण?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना कसावयास द्यावी, असे मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की राजकारणातील समता व आर्थिक जीवनातील विषमता यांची विसंगती फार काळ चालू राहिली तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. त्यांच्या पश्चात दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा पडीक जमीन भूमिहीनांना द्या, हीच मागणी होती. ती आजही अपुरी आहे.

पण केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पासही स्वतःच्या हाती घेतले. ते गाव गोंड बांधवांचे आहे. परंतु त्यापासून धडा सर्वांनीच घ्यावा. ग्रामसभा गावातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाची आहे. तिच्यात आपण मागच्या रांगेत मुकाट बसलो, किंवा गेलोच नाही, तर आपली बाजू कोण मांडणार? प्रत्येक विहारात एक वही ठेवा. गावातील वृद्धांच्या हकीकती, घराण्यांच्या वंशावळी, जुन्या विहिरी व बांध यांची नोंद तिच्यात करा. शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. साक्षीदार वृद्ध एकामागून एक जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जात आहे. दाव्यात पत्नीचे नाव पतीच्या बरोबरीने घाला. कायद्यानेच तसे सांगितले आहे.

दीक्षेने आपल्याला माणूस केले. आता त्या माणसाच्या पायाखाली हक्काची जमीन हवी. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा सरकार मागत आहे. तो आपण देऊ. परंतु त्या पंचाहत्तर वर्षांत आपल्याला बेनाव कोणी ठेवले, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे, आणि ते उत्तर सातबाऱ्यावर दिसले पाहिजे.