रोलचा छोटा कॅमेरा घेताना

घरातल्या तरुण मुलामुलींना पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याची ओढ लागली आहे. छंद मनापासून करायचा असेल, तर आम्ही आधी एकच विचारू: उजेड आणि अंतर कोण ठरवणार, तुम्ही की कॅमेरा?

१९९७चा ऑलिंपस म्यू-२ खिशात मावतो, भिंगही सुरेख. पण सगळे तोच ठरवतो. फ्लॅश नको असेल तर कॅमेरा उघडला की दर वेळी तो बंद करावा लागतो. १९६६ साली आलेल्या रोलाय ३५ला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला. अंतर मात्र अंदाजाने लावायचे. १९७९च्या ऑलिंपस एक्सएमध्ये दोन प्रतिमा जुळवून अंतर नेमके लावता येते, भिंगाचे छिद्रही आपल्या हाती. शटरचा वेग तेवढा कॅमेरा ठरवतो. शिकणाऱ्याला आम्ही हाच सुचवू. बॅटरी संपली की तो चालत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

हे सारे कॅमेरे आता जुनेच मिळतात. भिंग उजेडात धरून बुरशी पाहा. आपल्या पावसाळी हवेत ती हमखास धरते. बॅटरीच्या खाचेत हिरवा गंज नको. एक रोल काढून, धुऊन, छत्तीस फोटो पाहीपर्यंत परतीची मुभा मागून घ्या. घरखर्चातून काढलेला पैसा आहे, संकोच कशाला?