महासागर-मंडळाची वर्गणी

आषाढात गगनबावड्याला उभे राहिले तर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. करूळ घाटातून ढग वर चढत असतात आणि पाऊस दिवसदिवस थांबत नाही. येथून समुद्र सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर दूर. हा पाऊस कोठून येतो, असे विचारले तर तुमच्यापैकी कोणीही सांगेल, ‘अरबी समुद्रातून.’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

हे वारे निघतात विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशसजवळच्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत ते विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात. पडलेले पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत, तेथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे आपल्या अंगणातील पावसाचा हिशेब मांडायचा तर मॉरिशस, केनिया, सोमालिया यांच्या समुद्राची नोंद हवी. ती कोणत्याही एका देशाने एकट्याने ठेवणे शक्य नाही.

म्हणूनच २००२ साली मॉरिशस येथे हिंद महासागराच्या निरीक्षणासाठी ‘आयोगूस’ ही प्रादेशिक संघटना स्थापन झाली. भोवतालच्या देशांतील संस्था तिच्या सभासद आहेत. तिचे सचिवालय हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या आपल्या संस्थेत आहे.

या कामाची साधनेही पाहण्यासारखी आहेत. खोल समुद्रात नांगरलेले बोये वारा, तपमान, प्रवाह यांची नोंद करतात. ‘आर्गो’ नावाची तरंगती यंत्रे १००० मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी ती २००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना तपमान व क्षारता मोजून आकडे उपग्रहाकडे धाडतात. जगाच्या समुद्रांत अशी सुमारे ४००० यंत्रे आहेत. ती सोडली अनेक देशांनी; आकडे मात्र सर्वांना खुले आहेत.

कोणी म्हणेल, ‘आपण खर्च करावा आणि आकडे दुसऱ्यांना फुकट का द्यावेत?’ प्रश्न गैर नाही. प्रत्येक देशाला आपल्या किनाऱ्याच्या सुरक्षिततेची व मासळीची काळजी असतेच. पण २६ डिसेंबर २००४ चा दिवस आठवा. सुमात्राजवळ भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूला पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, तरी किनाऱ्यावरील माणसांना सूचना मिळाली नाही. हिंद महासागरात इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. सर्व देश मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. २००७ साली हैदराबादला इशारा केंद्र सुरू झाले, आणि २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया ही जबाबदारी शेजारी देशांसाठीही सांभाळतात. दाबून ठेवलेला आकडा कोणालाच वाचवत नाही, हा त्या दिवसाचा धडा आहे.

माझे मत असे की, अशा मंडळाचे सभासदत्व करारावरच्या सहीने पुरे होत नाही. त्याची खरी वर्गणी म्हणजे वेळेवर, खंड न पडता दिलेली प्रामाणिक नोंद. ही वर्गणी फक्त सरकारांनी भरायची नसते. बोयाभोवती मासे जमतात, म्हणून काही मच्छीमार त्याला होडी बांधतात, जाळी टाकतात. त्यात यंत्र मोडते. बोया जपणारा मच्छीमारही या मंडळाचा सभासदच होय. मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे त्याला कळवणारी सूचनाही उपग्रहाच्या अशाच निरीक्षणांतून तयार होते.

आणि आपण? मध्यंतरी एका शाळेची पर्जन्यनोंदीची वही माझ्या पाहण्यात आली. रविवारी शाळा बंद, तरी प्रत्येक रविवारपुढे आकडा होता. जरा गणित केले तेव्हा कळले, शनिवार व सोमवार यांची ती सरासरी होती! मुलांना वाटले, रिकामी जागा वाईट दिसते. वास्तविक रविवार कोरा ठेवून सोमवारचा आकडा ‘दोन दिवसांचा’ म्हणून लिहिला असता, तर ती वही कामाची ठरली असती. आता खरे रविवार कोणते आणि बनावट कोणते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. गगनबावडा, वैभववाडी व कोल्हापूर येथील शाळांनी आपसांत एक लहानसे मंडळ करावे. रोज सकाळी ८.३० ला, हवामान खात्याच्याच वेळेला, सारख्या मापाने पाऊस मोजावा आणि वह्यांची अदलाबदल करावी. घाटाखाली किती, माथ्यावर किती आणि पूर्वेला पाऊस कसा ओसरतो, हे एका शाळेच्या वहीतून कधीच दिसणार नाही; तीन वह्या शेजारी ठेवल्या की दिसेल.

नोंद चुकली तर जागा कोरी सोडा. तो कोरेपणाही मंडळाला दिलेली वर्गणीच आहे.