‘डेटा आहे, मग वायफाय कशाला?’

भंडारा जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांत मराठी शिकवणारे आम्ही काही अध्यापक अधूनमधून एकत्र बसतो. बोलणे साहित्यावरून सुरू होते आणि बहुधा नॅकच्या फायलींवर संपते. मागच्या खेपेला मात्र ते एका वाक्यापाशी अडले. आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात ग्रंथालय समितीची सभा झाली. वाचनकक्षातली वायफायची जोडणी बिल थकल्यामुळे बंद पडली होती, ती पुन्हा सुरू करावी, असा विषय होता. समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले, “आता प्रत्येक पोराच्या खिशात रोजचा दीड जीबी आहे. डेटा आहे, मग वायफाय कशाला?” सभा हसली, विषय निकालात निघाला आणि खर्च वाचवल्याच्या समाधानात चहा आला. आपणही त्या वेळी गप्पच बसलो, हे आमच्या सहकाऱ्याने स्वतःच सांगितले.

प्रश्न भोळा आहे आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली आणि मोबाईलवरच्या आंतरजालाचा भाव कोसळला, ही गोष्ट खरी. मोल्सवर्थचा कोश उघडून एक शब्द पाहायचा, विश्वकोशातली एखादी नोंद वाचायची, वर्गाच्या गटावर आलेली टिपणे उतरवून घ्यायची, एवढ्यासाठी वायफायची गरज नाही. मजकूर हलका असतो, साध्या डेटावर तो सहज येतो. आमची तक्रार निराळी आहे. जो वर्ग अशा टिपणांवरच संपतो, त्याच्या गरजेवरून साहित्याच्या विद्यार्थ्याची गरज मोजली जाते आहे.

मराठीचा एम.ए.चा विद्यार्थी काय वाचतो, हे त्या सभेत कुणी विचारले नाही. जुन्या मराठी ग्रंथांचा आंतरजालावरचा मोठा साठा छायाप्रतींच्या रूपात आहे. ते मजकूर नव्हेत, पानांची छायाचित्रे आहेत. एकेक फाईल पन्नास, शंभर, दोनशे एमबीची. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. विनामूल्य म्हणजे पुस्तकाला पैसे नाहीत, उतरवून घेण्याला आहेत. लीळाचरित्रात ज्या गावाचे नाव येते, नीळभट्ट भांडारेकार ज्या गावचे, त्याच भंडाऱ्यातल्या मुलीला लीळाचरित्राचे पाठभेद पाहायचे असतील, तर दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडाव्या लागतात. त्यातली हवी ती कोणती हे उतरवून घेतल्यावरच कळते, कारण अर्ध्या प्रतींची पाने गहाळ असतात. ग्रंथालयात आपण दहा पुस्तके काढतो, चाळतो, नऊ परत ठेवतो. मोजून मिळालेल्या डेटावर ही चैन परवडत नाही. विद्यार्थी पहिलीच फाईल उतरवतो, ती वाईट असली तरी तिच्यावरच प्रबंधिका लिहितो, आणि मग संदर्भसूची तोकडी म्हणून आम्ही त्याचे गुण कापतो.

उच्च दर्जाचे तासाभराचे चित्रण सहज एका जीबीच्या पुढे जाते. स्वयंवरचे एक व्याख्यान नीट पाहिले की त्या दिवसाचा शिधा संपत आला असे समजावे. तो संपला की वेग इतका खाली येतो की साधे पानही उघडत नाही. आमचे विद्यार्थी रात्री बारा वाजण्याची वाट पाहतात, कारण बाराला नवा कोटा मिळतो. ज्या घरात पहाटे उठून धानाच्या बांधीवर जायचे असते, तिथला मुलगा मध्यरात्री पुस्तक उतरवत बसतो, आणि सकाळी वर्गात पेंगला म्हणून आम्हीच त्याला बोलतो.

आता हिशेब पाहू. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. रोजचा दीड जीबी देणारा जिओचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे वर्षाचे महिने तेरा होतात (हे गणित ज्याने काढले त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो). म्हणजे वर्षाला ३,८८७ रुपये. शंभर विद्यार्थ्यांचे ३,८८,७०० रुपये. एका बऱ्यापैकी फायबर जोडणीचे वर्षभराचे भाडे याच्या दशांशातही बसते. कुणी म्हणेल, रिचार्ज तर ते एरवीही करणारच. करतील, पण किती रकमेचा, हे ठरवायला त्यांना वाव राहील. केवळ बोलण्यापुरते, डेटाविरहित प्लॅन कंपन्यांनी द्यावेत, असा आदेश ट्रायला डिसेंबर २०२४ मध्ये काढावा लागला, तो उगाच नव्हे. शिवाय ५जीचा ‘अमर्याद’ डेटा दरवाढीनंतर दिवसाला दोन जीबी वा त्याहून वरच्या प्लॅनवर गेला, आणि त्यासाठी हातात ५जीचा फोन हवा. ज्याचा फोन महाग त्याला हवे तेवढे वाचन, ज्याचा साधा त्याला मोजून. ‘प्रत्येकाच्या खिशात डेटा’ या वाक्यातला ‘प्रत्येक’ शब्द कसा निसरडा आहे, हे भाषेच्या अध्यापकांना तरी दिसायला हवे होते.

आणि हा खिसा नेमका कुणाचा? आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. त्यांतल्या कित्येकींचा फोन घरातल्या चौघांचा असतो. तो दिवसा वडिलांबरोबर शेतात असतो, संध्याकाळी भावाच्या हातात असतो. रिचार्ज कधी मारायचा ते घर ठरवते, आणि धान विकले जाईपर्यंत बहुधा ठरवत नाही. केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या मोबाईलबंदीविरुद्ध दाद मागितली. तेथील उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आंतरजालाची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तिचा प्रश्न फोन हिसकावून घेण्याचा होता. आमच्या मुलींचा प्रश्न फोन मुळात हाती नसण्याचा. वाचनकक्षातला जुना संगणक, मैत्रिणीचा सिम नसलेला फोन, कुणीतरी दिलेला टॅब, ही साधने वायफायवरच जिवंत होतात. डेटा एका माणसाच्या नावावरच्या एका सिमशी बांधलेला असतो, वायफाय त्या जागेशी.

हे वाक्य आमच्या समितीचे स्वतःचे नाही, याचीही नोंद करू. जानेवारी २०१६ मध्ये गूगलने रेलटेलबरोबर मुंबई सेंट्रलला मोफत वायफाय सुरू केले, पुढे ते चारशे स्थानकांवर नेले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये हात काढून घेत असल्याचे जाहीर केले. कारण दिले ते हेच: भारतात मोबाईल डेटा आता स्वस्त झाला आहे. दरम्यान २०१८ मध्ये एर्नाकुळम स्थानकावरच्या एका हमालाची बातमी देशभर छापून आली होती. डोक्यावर सामान आणि कानात व्याख्याने, असा स्थानकाच्या वायफायवर अभ्यास करून तो लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. कंपनीला ते परवडले नाही, ठीक आहे. कंपन्यांनी धर्मादाय करावा असे आमचे म्हणणे नाही. पण कंपनीने आपल्या हिशेबासाठी काढलेले वाक्य शिक्षणसंस्थेने आपले म्हणून वापरावे, याला काय म्हणावे? डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली: जुन्या पिवळ्या एसटीडी-पीसीओसारखे, पानटपरीवालाही परवान्याशिवाय चालवू शकेल असे वायफाय. अशा टपऱ्यांना घरगुती ब्रॉडबँडच्या दरात जोडणी द्यायला दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला. वायफाय अनावश्यक आहे, असे वाटण्यात कुणाचे हित आहे हे कळायला एवढे पुरेसे आहे.

आमच्या जिल्ह्याला हा युक्तिवाद नवा नसावा. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर इथली धानाची शेती उभी राहिली. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘मामा तलाव’, हे नाव उरले. मग ज्याला जमले त्याने शेतात बोअर मारली, आणि बोअर आहे तर तलाव कशाला, असे म्हणत तलावात गाळ साचू दिला. पाळीची डागडुजी कुणाचेच काम राहिले नाही. बोअरवाल्याचे काही काळ भागले. ज्याच्याकडे बोअर नव्हती, त्याचा निस्तार तलावाबरोबर गेला. वायफाय ज्या लहरींवर चालते, तेही एक गायरानच आहे: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. मोबाईलच्या लहरी मात्र लिलावात जातात. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटींच्या वर बोली लागली, आणि ती रक्कम शेवटी वसूल व्हायची ती रिचार्जमधूनच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. महाविद्यालयांतले वायफाय ज्या अवस्थेत असते ते पाहता समितीच्या ज्येष्ठांना हसू आले, तर तो दोष त्यांचा एकट्यांचा नाही. नॅकची समिती येणार म्हणून यंत्र भिंतीवर चढते, प्रवेशद्वारावर ‘वायफाय परिसर’ असा फलक लागतो, समिती गेली की पासवर्ड कुणालाच आठवत नाही. सुरू असले तरी ते इतके मंद, की विद्यार्थी कंटाळून आपल्या डेटावर परततो, आणि मग तोच पुरावा म्हणून दाखवला जातो: बघा, कुणी वापरतच नाही. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावून वाचक येत नाहीत म्हणणाऱ्या ग्रंथपालाची ही नवी आवृत्ती. आम्ही फलकाची बाजू घेत नाही. लोखंडी मांडण्या आणि जाड भिंतींमुळे तळमजल्यावरच्या ज्या वाचनकक्षात टॉवरचा सिग्नल एका रेघेवर येतो, त्या खोलीत जोडणी चालली पाहिजे आणि तिची कुणीतरी विचारपूस केली पाहिजे, एवढेच मागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्याही महाविद्यालयांत ग्रंथदिंड्या निघाल्या, भाषणे झाली, आम्हीच केली. अभिजात म्हणजे जुने ग्रंथ, आणि ते आज ज्या रूपात सर्वांना मोकळे आहेत, ते रूप त्या शंभर-दोनशे एमबीच्या फायलींचे आहे, हे त्या भाषणांत आमच्यापैकी कुणीच म्हटले नाही.

त्या सभेतली एक गोष्ट सांगायची राहिली. वाचनकक्षाची जोडणी अनावश्यक ठरली त्याच दिवशी कार्यालयाची आणि अध्यापक-कक्षाची जोडणी नियमित नूतनीकरणासाठी मंजूर झाली, चर्चेशिवाय. आमचे सहकारी गप्प बसले ते याही विषयावर. म्हणून पुढच्या सभेसाठी त्यांनी, आम्हा सर्वांच्या सांगण्यावरून, लेखी प्रस्ताव दिला आहे: वाचनकक्षाचे वायफाय अनावश्यक असेल, तर अध्यापक-कक्षाचेही त्याच तारखेपासून बंद करावे, कारण अध्यापकांच्याही खिशात डेटा आहे. प्रस्तावाची पोच मिळाली आहे. सभेची तारीख अजून कळवलेली नाही.