‘लुडाईट’ : एका शिवीचा पूर्वेतिहास

नव्या यंत्राविषयी जो कोणी शंका काढील त्याला ‘लुडाईट’ ठरवून मोकळे व्हावे, अशी इंग्रजी जगात रीत पडली आहे. लुडाईट म्हणजे अडाणी, प्रगतीचा वैरी, कालचक्र उलटे फिरवू पाहणारा. हा शब्द उच्चारला की वाद मिटतो. आणि वाद मिटण्यातच ज्यांचा लाभ आहे त्यांच्या तोंडी तो अधिक आढळावा, यात नवल ते काय?

मुळात हा शब्द शिवी नव्हता. ती सही होती. मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या कारागिरांनी मोजे विणण्याचे माग फोडण्यास आरंभ केला. पुढे मालकांना गेलेल्या धमकीच्या पत्रांखाली ‘नेड लुड’, ‘जनरल लुड’ अशी नावे येऊ लागली. हा सेनापती बहुधा कल्पनेतलाच होता.

ज्या मागांवर घण पडले ते मात्र नवे नव्हतेच. विल्यम ली याने तो माग १५८९ मध्ये रचला होता. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे त्यावरच या लोकांची चूल पेटत आली होती. मग राग कशाचा? मालक मजुरी कापत होते, उमेदवारी न केलेल्यांना कमी दरात राबवीत होते आणि रुंद कापड कातरून शिवलेले हलके मोजे बाजारात लोटून साऱ्या धंद्याची पत घालवीत होते. पुष्कळदा दर पाळणाऱ्या मालकाचे माग शाबूत राहत आणि दर मोडणाऱ्याचेच फुटत. आंधळ्या यंत्रद्वेषाला एवढी निवड सुचते काय? यॉर्कशायरमध्ये कापड कातरणाऱ्यांचा धंदा यंत्राने खरोखरच बुडत होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु १७९९ व १८०० च्या कायद्यांनी संघटना करणे हाच गुन्हा ठरविला होता. सनदशीर मार्ग बंद करून वर अत्याचाराबद्दल कानउघाडणी करावयाची, हा राज्यकर्त्यांचा जुनाच खाक्या!

१८१२ मध्ये माग फोडण्यास देहान्ताची शिक्षा ठरविणारा कायदा झाला. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात त्याला विरोध केला. उपयोग झाला नाही. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जण फासावर गेले. त्यांपैकी तिघांवर एका गिरणीमालकाच्या खुनाचा आरोप होता. बाकीच्यांवर तो नव्हता.

१९५९ मध्ये सी. पी. स्नो यांनी साहित्यिक बुद्धिजीवींनाच जन्मजात लुडाईट म्हटले, तेव्हा विणकरांचा या शब्दाशी काही संबंध उरला नव्हता. एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ मध्ये आणि ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६३ मध्ये या माणसांची बाजू इतिहासात मांडली. पण शिवी इतिहासकारांना कोठे जुमानते?

२०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांनी १४८ दिवस संप केला. त्यांच्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरसकट बंदी नाही. ती वापरण्याची सक्ती कंपनीने लेखकावर करू नये आणि यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे लेखन गणला जाऊ नये, असे त्यात आहे. यंत्र वापरावे की नाही, हे संमतीने ठरावयाचे आहे.