समुद्रांतील पाया

पेणच्या खारेपाटांत ज्यांनीं घर बांधिलें असेल, त्यांस पायाची गोष्ट निराळी सांगावयास नको. आम्हीं तेथें पडवी वाढविली तेव्हां गवंडी म्हणाला, "दोन हात पुरे." वरची माती वाळून टणक दिसत होती, म्हणून आम्हींहि मान डोलाविली. दुसऱ्याच पावसाळ्यांत पडवीची भिंत घराच्या सांध्यापासून बोटभर सुटली. रोह्याच्या मामांचें घर मात्र मुरमावर हातभर पायांत उभें राहिलें, तें अद्याप जसेंच्या तसें आहे.

हें स्मरण्याचें कारण, आमचा अभियंता पुतण्या. समुद्रांत पवनचक्क्या कशा उभारतात हें तो परवां सांगत होता. तेथेंहि पहिला प्रश्न तोच : खालीं काय आहे? डेन्मार्कनें १९९१ सालीं व्हिंडेबी येथें उथळ पाण्यांत ११ चक्क्या काँक्रीटच्या बैठकींवर, निव्वळ वजनाच्या भरंवशावर उभ्या केल्या. २०१७ सालीं त्या उतरविल्या. अलिबागेस कुलाबा किल्ल्याचे चुन्यावांचून रचलेले प्रचंड चिरे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस ही युक्ति परकी वाटणार नाहीं. मात्र तिला तळ घट्ट हवा. वाळू किंवा कठीण माती असल्यास एकच जाड पोलादी नळा ठोकून रोवितात. आज हीच रीत सर्वांत रूढ आहे. खडक वर आला कीं आधीं भोंक पाडावें लागतें आणि खर्च चढतो. पाणी फार खोल झालें म्हणजे पोलादी सांगाडा. मुंबई हायचे तेलमंच सुमारें ७५ मीटर पाण्यांत अशाच सांगाड्यांवर उभे आहेत. स्कॉटलंडजवळ तर २०१७ पासून ५ चक्क्या नांगर टाकून तरंगत आहेत!

परंतु आमच्या मनाला लागली ती दुसरीच हकीकत. २००९-१० च्या सुमारास युरोपांतील अनेक चक्क्यांचा नळा व वरचा मनोरा यांमधील सिमेंटचा जोड ढिला होऊन मनोरा खालीं घसरूं लागल्याचें आढळलें. पाया जागेवर होता, सुटला तो सांधा.

आपल्या सरकारनें २०१५ सालीं या कामाचें धोरण ठरविलें आणि आरंभास गुजरात व तामिळनाडूचे किनारे निवडले. कोंकणची पाळी येईल तेव्हां येवो. तळाला भोंकें पाडून मातीचे नमुने पाहिल्यावांचून कोणी किंमत सांगूं नये, असें आमचें मत आहे.

"काका, तो खर्च लोकांस वायफळ वाटतो," पुतण्या म्हणाला. "पडवीच्या वेळीं तुम्हांसहि वाटलाच असेल."

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ती फट दर चैत्रांत अजून चुन्यानें भरावी लागते.